मागे वळून बघताना हँडल हलतं

जानेवारीत लेकीच्या शाळेत सुरक्षित सायकलिंगचा एक कार्यक्रम झाला. सहावी-सातवीची मुलं होती आणि एका कंपनीची माणसं व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांसमोर खरं वाटणारं आभासी दृश्य दाखवणारे हेडसेट घेऊन आली होती, पालकांनाही बोलावलं होतं म्हणून मी गेले. हॉलमध्ये सतरंज्यांवर मुलं बसलेली, पुढे दोन खुर्च्या, खुर्चीत बसायचं, डोक्याला तो हेडसेट लावायचा आणि दोन हातात रिमोटसारखी दोन यंत्रं धरायची, ते म्हणजे हँडल. पायडल नव्हतं, बटण दाबलं की सायकल पुढे जायची. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. आत दिसत होता एक रुंद स्वच्छ रस्ता, पांढरे पट्टे, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, आणि मागून येणारी गाडी न बघता वळलात तर स्क्रीन लाल व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझी लेक पहिल्यांदा 'गेली', दुसऱ्यांदा नीट मागे बघून वळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मलाही आवडलं. रात्री जेवताना ती आजीला समजावून सांगत होती की उजवीकडे वळायचं असेल तर आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग परत एकदा बघायचं. क्रम अगदी पाठ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या गल्लीतून ती पुढे सायकलवर आणि मी मागे चालत, असं क्लासला निघालो होतो. वळायची जागा आली, तिला बरोबर आठवलं, तिनं उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघितलं आणि मान वळली तसं हँडलही वळलं. सायकल दीड-दोन फूट उजवीकडे सरकली, मागून स्कूटरवाला येत होता, त्यानं करकचून ब्रेक मारला, हॉर्न वाजवला आणि निघून गेला. झालं काहीच नाही. पण माझे हातपाय गार पडले होते, कारण तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं, शिकवलं तेच केलं होतं, फक्त ते खुर्चीत बसून शिकली होती.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आता बऱ्याच शाळांना असं काहीतरी 'डिजिटल' हवं असतं आणि उद्या कोणी ठरवलं की सगळ्या शाळांमध्ये सायकल शिकवायला व्हीआर आणायचं तर बजेटही निघेल आणि फोटोही छान येतील. माझा त्याला सरसकट विरोध नाहीये. पण ते कशासाठी वापरायचं, किती वापरायचं आणि आधी कोणाला घालायचं, यावर नीट बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी त्याचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जोडी प्लुमर्ट आणि जोसेफ कर्नी यांनी बरीच वर्षं मुलांच्या सायकल चालवण्याचा अभ्यास केलाय. त्यांच्या प्रयोगशाळेत एक खरी सायकल स्टँडवर पक्की बसवलेली, आजूबाजूला मोठे पडदे, पायडल मारलं की पडद्यावरचा रस्ता त्या वेगानं सरकतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात १० आणि १२ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांना गाड्यांची रांग चालू असताना चौक ओलांडायला लावलं. आपल्याला वाटेल मुलं छोट्या फटीत घुसली असतील. तसं नव्हतं. दोन गाड्यांमधली फट मुलांनी जवळजवळ मोठ्यांएवढीच निवडली, पण मुलं निघाली उशिरा. म्हणजे 'आता जाऊया' हे ठरलं तरी पाय पायडलवर येऊन सायकल हलेपर्यंत वेळ गेला आणि पलीकडे पोचेपर्यंत येणारी गाडी जास्त जवळ आलेली. याच लोकांनी पुढे रस्ता पायी ओलांडण्यावरही काम केलं, ६ ते १४ वर्षांची मुलं घेऊन, २०१७ साली ते आलं, आणि त्यात साधारण चौदाव्या वर्षी मुलं मोठ्यांच्या बरोबरीला येतात असं दिसलं. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवेमध्ये २०१० च्या सुमाराला झालेलं काम आणखी वेगळं सांगतं, की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरच्या वर वेगानं येणारी गाडी किती जवळ येतेय याचा अंदाज भरवशानं करताच येत नाही. मूल हूड आहे, लक्ष देत नाही, असं नाही. त्याचे डोळे आणि मेंदू अजून तिथे पोचलेलेच नाहीत.

हे आपल्याला कळलं कशामुळे तर अशा सिम्युलेटरमुळेच. खऱ्या रस्त्यावर मुलाला गाडीसमोर सोडून प्रयोग करता येत नाही, करूच नये. त्यामुळे पार्क केलेल्या कारचं दार अचानक उघडतं तेव्हा काय होतं, शेजारून चाललेली बस डावीकडे वळायला लागली तर काय, हे एकदा तरी काही न लागता अनुभवायचं असेल तर व्हीआरसारखं दुसरं साधन नाही. तेवढ्यासाठी मी ते शाळेत आलेलं बघायला तयार आहे.

पण तेवढ्यासाठीच. आयोवातली ती सायकल खरी होती, तिला पायडल होतं. आमच्या हॉलमध्ये बटण होतं. नेमकं जे मुलांना जमत नाही, म्हणजे थांबलेल्या सायकलवरून झटकन निघणं, तेच बटणानं पुसून टाकलं. तोल सांभाळायचा नाही, ब्रेक दाबायचा नाही, एक हात सोडून दाखवायचा नाही, मग उरतं काय तर नियम पाठ होणं, आणि नियम तर पुस्तकातूनही पाठ होतात. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅममधल्या संशोधकांनी ७-८ वर्षांच्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवायच्या वेगवेगळ्या पद्धती शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा मोठ्या माणसानं एकेका मुलाला रस्त्याकडेला उभं करून शिकवलं ती मुलं शिकली, व्हीआरवर सराव केलेल्यांना काही प्रमाणात फायदा झाला आणि नुसते व्हिडिओ दाखवून फारसं काही झालं नाही. ते पायी चालण्याबद्दल होतं हे मान्य, पण सायकलला तर तोल सांभाळणं आणखी वर आलं.

शिवाय वयाचा मुद्दा आहेच. क्वेस्टचे हेडसेट बनवणारी मेटा कंपनी स्वतःच आधी १३ वर्षांच्या खाली देऊ नका म्हणायची, २०२३ मध्ये ती मर्यादा १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. म्हणजे चौथीपर्यंतच्या मुलांचा विषयच संपला. आणि आमच्या कार्यक्रमात दोन मुलांना मळमळलं, एकीला पाणी देऊन बाहेर बसवावं लागलं. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण खुर्चीत आहोत, या भांडणात पोट ढवळतं, हे सगळ्यांना माहिती असलेलं कारण आहे. मुलांना घाबरवायला नाही सांगत, पण ज्या वर्गात साठ मुलं असतात तिथे तीन मिनिटांचा प्रसाद वाटून शिक्षण होत नाही.

आणि तो रस्ता! हेडसेटमधल्या त्या रस्त्यावर राँग साईडनं कोणी येत नव्हतं. फूटपाथवर स्कूटर चढत नव्हती. ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं खाली नव्हतं, खडी-वाळू सांडलेली नव्हती, पाण्याचा टँकर उभा नव्हता. पुण्यातल्या मुलाला पुण्यातला रस्ता शिकवायचा तर तो सिंहगड रोडचा, कर्वे रोडचा, टिळक रोडचा असला पाहिजे. ३६० अंशांचा कॅमेरा सायकलच्या हँडलला लावून आपल्याच चौकांची शूटिंग करणं आता काही अवघड राहिलेलं नाही. जर पैसे घालायचेच असतील तर आपल्या रस्त्यांवर घाला, परदेशातला रस्ता विकत आणून तो आमच्या मुलांच्या डोळ्यावर बांधू नका.

त्या स्कूटरच्या प्रसंगानंतर मी काय केलं ते सांगते. आधी तिची सायकल घेऊन गल्लीच्या टोकाच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी तिला सीटवर बसवलं, ब्रेकवर हात ठेवायला सांगितला आणि मला म्हणाले, बघा ताई, बोटंच पोचत नाहीत तिची. खरंच, ब्रेकच्या दांडीला बोटांची फक्त टोकं लागत होती. त्या दांडीला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलजवळ येते. दोन मिनिटांचं काम. दीड वर्ष ती मुलगी अर्धाच ब्रेक दाबत होती आणि आम्हा कोणाला माहिती नव्हतं. हेडसेटमध्ये तिनं ब्रेक दाबला असता तर शंभर टक्के लागला असता.

मग रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर. आमच्या सोसायटीतली अजून पाच मुलं आली. फक्कीनं एक लांब सरळ रेघ आखली. मुलानं त्या रेघेवरून सायकल चालवायची, मी मागे उभी राहून बोटं दाखवायची आणि त्यानं उजव्या खांद्यावरून मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं, पण चाक रेघेवरून हलता कामा नये. एवढंच. पहिल्या दिवशी सहाच्या सहा मुलं रेघ सोडून गेली, एक तर पार गोलपोस्टपर्यंत. चौथ्या रविवारी चार मुलं रेघेवर राहायला लागली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत फिरवायची पण खांदा आणि कोपर सैल ठेवायचं, हे त्यांचं त्यांनाच सापडलं, मला सांगताही आलं नसतं. मग एका हातानं चालवणं. मग दोन्ही ब्रेक एकत्र, आधी कोरड्या जागी आणि मग मुद्दाम वाळूवर. खर्च किती, तर फक्कीची एक पिशवी.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ब्रिटनमध्ये १९४७ पासून शाळकरी मुलांना सायकल शिकवायची पद्धत आहे, २००७ पासून तिचं नाव बाइकेबिलिटी, आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत, पहिली मैदानावर, दुसरी शांत खऱ्या रस्त्यावर, तिसरी गर्दीच्या रस्त्यावर. मागे बघणं हे त्यांचं मूळ कौशल्य. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटाला, अकरा-बारा वर्षांची मुलं अंगावर नंबर लावून गावातल्या खऱ्या रस्त्यांवर सायकलची परीक्षा देतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर स्वयंसेवक कागद घेऊन उभे असतात. ज्या देशांकडे व्हीआरला लागणारा पैसा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे ते मुलांना शेवटी रस्त्यावरच नेतात, यावर आपण विचार करायला हवा.

आता तो दुसरा मुद्दा, की हेडसेट आधी कोणाला घालायचा. मला वाटतं आधी आपल्याला. म्हणजे पालकांना, व्हॅनवाल्या काकांना, बसच्या ड्रायव्हरना, आणि रस्ते आखणाऱ्या इंजिनियरना. सहावीतल्या मुलीचे डोळे सायकलवर बसल्यावर जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर असतात. त्या उंचीवरून शूटिंग करा आणि आम्हाला दाखवा. मी साध्या पद्धतीनं करून बघितलं, शाळेजवळ रांगेत उभ्या असलेल्या मोठ्या गाड्यांच्या मधे गुडघे वाकवून तिच्या उंचीला आले. बॉनेटच्या पलीकडचा रस्ता दिसतच नाही. पलीकडून काय येतंय हे बघायला मुलाला सायकलचं पुढचं चाक आधी रस्त्यात काढावं लागतं, डोळे नंतर येतात. आणि गाडी चालवणाऱ्याला आधी ते चाक दिसतं, तेही दिसलं तर. ही गोष्ट मी वीस वर्षं गाडी चालवतेय तरी मला गुडघ्यावर येईपर्यंत कळली नव्हती. मुलाचा मेंदू चौदाव्या वर्षापर्यंत तयार होत नाही हे तंत्रज्ञानच सांगतंय ना, मग बारा वर्षांच्या मुलाला 'तू नीट अंदाज घे' असं शिकवून आपण सुटतो कसे? ज्याचा मेंदू तयार आहे त्याला शिकवणं जास्त सोपं नाही का?

स्वीडनच्या स्टिना सँडल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकातच सांगून ठेवलंय की मुलांना रहदारीला जुळवून घेता येत नाही, रहदारीनं मुलांशी जुळवून घ्यायला पाहिजे. साठ वर्षं झाली.

शाळा सुटतानाचं दृश्य आठवा कुठल्याही पेठेतलं किंवा कोथरूडमधलं. शंभर दुचाक्या, तीस-चाळीस कार, व्हॅन, रिक्षा, सगळ्यांना गेटच्या शक्य तितकं जवळ यायचंय, आणि त्यातून पंधरा-वीस मुलं सायकली ढकलत वाट काढतायत. त्या मुलांना सगळ्यात जास्त धोका कोणापासून, तर आपल्याच वर्गातल्या मुलांना न्यायला आलेल्या आई-बाबांपासून. मीसुद्धा पावसात गाडी घेऊन गेलेय, मीही त्यातच आहे. आपण मुलांना गाडीनं सोडतो कारण रस्ता सुरक्षित नाही, आणि रस्ता सुरक्षित नाही कारण आपण सगळे गाडीनं सोडायला येतो. लंडनमध्ये पाचशेच्या वर ठिकाणी शाळा भरताना आणि सुटताना तेवढा वेळ गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंद असतो. आपल्याकडे लक्ष्मी रोडसारखा रस्ता पादचारी दिनाला ११ डिसेंबरला गाड्यांना बंद करता येतो, तर शाळेची एक गल्ली रोज अर्धा-अर्धा तास का नाही?

यावर लोक मला लगेच म्हणतात, अहो पुण्यातल्या रस्त्यावर मुलाला सायकल द्यायचीच कशाला. भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात १८ वर्षांखालची ९,५२८ मुलं, म्हणजे रोज सव्वीस. हा आकडा वाचल्यावर कुठल्या आईला मुलाला बाहेर सोडावंसं वाटेल. पण मग करायचं काय, तर आठवी-नववीत गेल्यावर त्याच मुलाच्या हातात लायसन्स नसताना स्कूटर येते, सायकलवर कधीच रस्ता न शिकलेलं मूल थेट ताशी पन्नासच्या वेगानं रस्ता शिकायला लागतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी कुठल्याही क्लासच्या बाहेरची पार्किंग बघा.

आणि नेदरलँड्स काही जन्मापासून तसं नव्हतं. १९७१ साली त्या छोट्याशा देशात चारशेच्या वर मुलं रस्त्यावर मेली, तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' या नावाचं आंदोलन झालं आणि त्यातून रस्ते बदलायला सुरुवात झाली. त्यांनी मुलांना घरात ठेवलं नाही.

आपलं तर शहरच सायकलचं होतं. माझे बाबा शनिवार पेठेतून खडकीच्या फॅक्टरीत रोज सायकलवर जायचे, डबा कॅरियरला, रात्रपाळी असली की डायनॅमो लावून, कारण दिवा नसला की पोलीस अडवायचे. आता कर्वेनगरला सायकलींचं म्युझियम आहे, सुंदर आहे, मुलांना जरूर दाखवा. पण आपल्या नातवंडांना सायकल फक्त तिथेच बघायला मिळू नये एवढंच मला वाटतं. २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केलेला आहे, म्हणजे कागदावर आपण कधीच ठरवलंय की हे शहर सायकलला जागा देणार. शाळांमधल्या हेडसेटनी त्या कामाची जागा घेऊ नये, ही माझी खरी काळजी आहे. 'मुलांना ट्रेनिंग दिलं होतं' हे वाक्य एकदा हातात आलं की मग अपघात झाल्यावर चूक मुलाची ठरते, सायकल ट्रॅक मधेच का संपला हे कोणी विचारत नाही.

शाळेच्या पालक सभेत मी हे सगळं बोलले, थोडं अडखळतच बोलले. मागितलं एवढंच की पुढच्या वर्षी हेडसेट आणायचे असतील तर एका हेडसेटच्या पैशात दोन-तीन सायकली येतात, त्या आधी घ्या, ज्या मुलांकडे सायकल नाही त्यांच्यासाठी. हेडसेट आला तर सायकल स्टँडवर लावून, पायडल मारत. आणि पालक सभेच्या दिवशी तो आम्हाला घाला. शिवाय एक शनिवार शाळेची बस मैदानात उभी करा. एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं, बाकीच्यांनी बसभोवती सायकली घेऊन उभं राहायचं आणि सीटवरच्या मुलानं आरशातून कोण कोण दिसतंय त्यांची नावं सांगायची, जे दिसत नाहीत तिथे फक्की टाकायची. मग ड्रायव्हर काकांनी बस हळूहळू डावीकडे वळवायची, पुढच्या चाकाची वाट एका रंगानं आणि मागच्या चाकाची दुसऱ्या रंगानं आखायची. मागचं चाक किती आतून येतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला सायकल घालायची नाही हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

मुख्याध्यापक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मैदान जूनपासून दर रविवारी सात ते नऊ वापरायला परवानगी मिळालीये, पीटीच्या सरांनी स्वतःहून यायचं कबूल केलंय. बसचं अजून विचारून सांगते म्हणाल्यात.